बारा अक्षरांची दुर्बीण

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला येणारी मुलं-मुली बहुतेक मराठी माध्यमातून आलेली असतात. बारावीला जीवशास्त्र इंग्रजीतून झालेलं असतं, पण ते मोठ्यानं वाचायची वेळ कधी आलेली नसते. पहिल्याच आठवड्यात मी फळ्यावर एक शब्द लिहिते, आधी इंग्रजीत आणि खाली देवनागरीत : इसोफॅगोगॅस्ट्रोड्युओडेनोस्कोपी. मागच्या बाकांवर खसखस पिकते, पुढच्या बाकांवरच्या माना वहीत जातात. वॉर्डात या तपासणीला आम्ही 'ओजीडी स्कोपी' म्हणतो, पेशंट 'दुर्बीण' म्हणतात. अख्खा शब्द भेटतो तो संमतीपत्रावर, पुस्तकात आणि परीक्षेत.

आधी वॉर्डात सिस्टर म्हणून आणि मग वर्गात ट्यूटर म्हणून माझं बरंचसं आयुष्य असल्या ग्रीक शब्दांच्या संगतीत गेलं. त्यातून जे हाती लागलं ते क्रमांक घालून लिहिते आहे. क्रमांक निव्वळ सोयीसाठी. मधलं एखादं गाळलं तरी काही बिघडणार नाही.

१. शब्द शेपटीकडून धरावा

डावीकडून वाचायला लागलं की 'इसोफॅगो'पाशीच दम लागतो. म्हणून आधी शेवट बघायचा. 'स्कोपी' म्हणजे बघणं. ग्रीक भाषेत 'स्कोपेइन' म्हणजे निरखून पाहणं. म्हणजे इथं काही कापायचं नाही, काढून टाकायचं नाही, फक्त बघायचं आहे. घाबरलेल्या पेशंटला धीर द्यायला एवढं कळलं तरी पुष्कळ. मग बघायचं काय, तर उजवीकडून डावीकडे या : ड्युओडेनो, गॅस्ट्रो, इसोफॅगो. लहान आतड्याची सुरुवात, जठर, अन्ननलिका.

शाळेत तत्पुरुष समास शिकवतात. दुसरं पद मुख्य, पहिलं त्याला जोडलेलं. 'राजवाडा' हा वाडा असतो, राजा नव्हे. ग्रीक शब्दांची बांधणी हीच. आमच्या मुलींना विग्रह उत्तम करता येतो, फक्त तो मराठीच्या पेपरातच करायचा असतो अशी समजूत असते. एकदा 'गॅस्ट्रायटिस'चा विग्रह 'जठराचा दाह' असा फळ्यावर करून दाखवला की पुढचे दहा शब्द त्या स्वतःच फोडतात.

शेपटीकडून अर्थ लागतो आणि पुढून वाचलं की नळीचा रस्ता कळतो, ही या शब्दातली खुबी. दुर्बीण आधी अन्ननलिकेत जाते, मग जठरात, मग लहान आतड्याच्या पहिल्या वळणात. शब्दातली पदं त्याच क्रमानं उभी आहेत. १८६८ मध्ये जर्मनीत आडोल्फ कुसमाउल या डॉक्टरनं तलवार गिळण्याचे खेळ करणाऱ्या माणसाच्या घशातून सरळ, कडक नळी सोडून जठर पाहिलं होतं. तलवार गिळणाराच का, हे वेगळं सांगायला नको. मान मागं टाकून घसा सरळ रेषेत आणायचं कसब दुसऱ्या कुणाकडे असणार! पुढे १९५७ मध्ये बेसिल हिर्शोविट्झ यांनी काचतंतूंची वाकणारी दुर्बीण आणली, आणि ती पहिल्यांदा घातली स्वतःच्याच घशात. नळी वाकायला लागल्यावर जठरापुढचं वळण घेणं सोपं झालं. शब्दातलं 'ड्युओडेनो' मला नेहमी त्या वळणाची आठवण करून देतं.

२. मधला 'ओ' हा नुसता दोरा आहे

इसोफॅग-ओ, गॅस्ट्र-ओ, ड्युओडेन-ओ. हा शेवटचा 'ओ' गजऱ्यातल्या दोऱ्यासारखा. फुलं ओवायला लागतो, त्याला स्वतःचा वास नाही. पुढं स्वरानं सुरू होणारा प्रत्यय आला की दोरा निघून जातो. म्हणून 'गॅस्ट्रोआयटिस' होत नाही, 'गॅस्ट्रायटिस' होतं. 'गॅस्ट्रोएक्टॉमी' नाही, 'गॅस्ट्रेक्टॉमी'. पण दोन अवयव एकमेकांना जोडायचे असतील तर पुढं स्वर असला तरी 'ओ' राहतो, जसं 'गॅस्ट्रोएन्टरायटिस'. ज्यांना संधी येतो त्यांना यात नवीन काही नाही.

३. अक्षरं हातावर मोजावीत, वहीत नव्हे

'सिलॅबल' म्हणजे काय हे सांगताना मी अभंगाकडे जाते. मोठ्या अभंगाचे चरण सहा, सहा, सहा, चार असे अक्षरांनी मोजतात, आणि तिथं जोडाक्षर एकच धरतात. 'स्ट्रो' कितीही गर्दीचं दिसलं तरी ते एकच. तोंड एकदा उघडून मिटलं की एक अक्षर झालं, बोटानं ताल धरून मोजा.

गफलत होते ती आपल्या मुक्या 'अ'मुळे. 'घर' लिहिताना दोन अक्षरं, बोलताना एक झटका. म्हणून देवनागरीत लिहिलेला इंग्रजी शब्द डोळ्यांनी मोजला की आकडा चुकतो. बीपीच्या मशीनचं पुस्तकी नाव स्फिग्मोमॅनोमीटर. वहीत सात अक्षरं भरतात, तोंडात सहा, कारण 'टर' एकत्र जातं. कान-नाक-घशाचं शास्त्र म्हणजे ओटोऱ्हायनोलॅरिंगॉलॉजी. वहीत दहा, तोंडात नऊ, कारण 'ऱ्हाय' एका दमात येतं. शिवाय तो 'ऱ्ह' आपण कऱ्हाडसारखा लिहितो तेव्हा फार शोभतो, पण इंग्रजी बोलण्यात त्यातला 'ह' नाहीसा होतो आणि उरतो नुसता 'राय'.

आणि आपला फळ्यावरचा शब्द? इ-सो-फॅ-गो-गॅ-स्ट्रो-ड्यु-ओ-डे-नो-स्को-पी. बारा. वहीतही बारा आणि तोंडातही बारा, कारण यातलं प्रत्येक अक्षर नीट स्वरावर संपतं, मुका 'अ' कुठंच नाही. म्हणजे लांबलचक दिसणारा हा शब्द मराठी तोंडाला 'स्फिग्मोमॅनोमीटर'पेक्षा सोपा आहे. वर्गात आम्ही तो चार-चार-चार असा म्हणतो : इसोफॅगो, गॅस्ट्रोड्युओ, डेनोस्कोपी. तिसऱ्या आवर्तनाला हसू थांबतं आणि शब्द जिभेवर बसतो.

बाराचा आणखी एक योगायोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. इ.स.पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात हिरोफिलस नावाचा ग्रीक वैद्य होता. मानवी शरीर उघडून पाहणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी तो एक. लहान आतड्याचा पहिला भाग त्यानं बोटांच्या रुंदीनं मोजला, तो बारा बोटं भरला, म्हणून त्याला ग्रीकमध्ये 'बारा बोटांचं' असं नाव पडलं. पुढे त्याचं लॅटिन झालं आणि बाराचा लॅटिन शब्द 'ड्युओडेनम'मध्ये जाऊन बसला. म्हणजे या ग्रीक घरात एक लॅटिन भाडेकरू आहे. आपल्या जुन्या मापात बारा अंगुळांची एक वीत होते. आजची पुस्तकं या भागाची लांबी सुमारे पंचवीस सेंटिमीटर देतात, म्हणजे वीतभर किंवा थोडं जास्तच. मुलींना हा भाग केवढा असतो ते परत कधी विचारावं लागत नाही, त्या हाताची वीत उघडून दाखवतात.

४. तोंडाची फोड आणि अर्थाची फोड एका जागी पडत नाही

हेलिकॉप्टर. आपण 'हेली' आणि 'कॉप्टर' असे दोन तुकडे करतो, आणि हेलिपॅड शब्दही त्यातूनच निघाला. ग्रीक फोड मात्र 'हेलिको' म्हणजे मळसूत्री आणि 'प्टेर' म्हणजे पंख. अर्थ एका ठिकाणी तुटतो, जीभ दुसऱ्या ठिकाणी. 'एन्डोस्कोपी'चंही तेच. अर्थानं 'एन्डो' अधिक 'स्कोपी', पण इंग्रज तो शब्द 'एन्-डॉस्-क-पी' असा तोडतो, 'स' मागच्या अक्षराला देऊन टाकतो.

हे ठाऊक नसलं की मुली एकाच वेळी दोन्ही करायला जातात आणि अडखळतात. मी सांगते, समजून घेताना अर्थाची फोड, म्हणताना तोंडाची. वहीत पहिली निळ्या पेनानं करा, दुसरी पेन्सिलीनं.

५. मुका 'प' शब्दाच्या दारातच मुका असतो

न्यूमोनिया, सोरायसिस, सायकिॲट्री, डोळ्यात पडदा वाढतो तो टेरिजियम. या सगळ्यांच्या इंग्रजी स्पेलिंगची सुरुवात 'पी'नं होते आणि तो उच्चारत नाहीत. ग्रीक लोक उच्चारायचे. इंग्रजी जिभेला शब्दाच्या तोंडाशी 'प्न', 'प्स', 'प्ट' पेलत नाही म्हणून तिनं 'प' टाकून दिला. पण तोच 'प' शब्दाच्या पोटात गेला की त्याला आवाज फुटतो, कारण त्याला मागच्या अक्षराचा आधार मिळतो. डिस्प्निया, ॲप्निया, हिमॉप्टिसिस.

मुली नियम शिकल्या की तो सगळीकडे लावतात. मग धाप लागलेल्या पेशंटला 'डिस्निया' होतो आणि राउंडवर आलेल्या सरांना मिकी माउस आठवतो.

६. 'ग' की 'ज', 'क' की 'स', हे पुढचा स्वर ठरवतो

'लॅरिंगॉलॉजी' याच शब्दात बघा. इंग्रजी 'जी' अक्षर दोनदा आलंय. एकदा त्याच्यापुढं 'ओ' आहे, तिथं 'ग'. एकदा 'वाय' आहे, तिथं 'ज'. त्याच स्वरयंत्राला सूज आली की पुढं 'आय' येतो आणि 'लॅरिंजायटिस' होतं. 'सी' या अक्षराचंही तसंच. पुढं ए, ओ, यू असेल तर 'क', ई, आय, वाय असेल तर 'स'. बहुतेक ठिकाणी हा नियम चालतो. 'गायनॅकॉलॉजी'त चालत नाही. तिथं 'जी'पुढं 'वाय' असूनही 'ग'च. का, असं वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारतं. माझं उत्तर एवढंच, की इंग्रजी अशी आहे.

मेंदूच्या दाहाला काही डॉक्टर 'एन्सेफलायटिस' म्हणतात, काही 'एन्केफलायटिस'. दोन्ही बरोबर आहेत, इंग्लंडमध्येही दोन्ही चालतात. मूळ ग्रीकात 'क' होता. विद्यार्थ्यानं कुणाची बाजू घेऊ नये, ज्यांच्या वॉर्डात पोस्टिंग असेल त्यांचा उच्चार धरावा.

७. आपली लिपी या कामाला भारी आहे

ग्रीकमध्ये तीन महाप्राण व्यंजनं होती. इंग्रजीत ती पीएच, टीएच आणि सीएच अशी लिहितात. इंग्रजांनी पहिल्याचा दातओठी 'फ' केला, दुसरं जीभ दातांत धरून म्हटलं आणि तिसऱ्याचा सरळ 'क' केला. जुन्या ग्रीकात ते उच्चार जवळजवळ आपल्या फ, थ, ख सारखे होते. आपण 'थर्मामीटर' म्हणतो तेव्हा 'थर्मा'तला आपला देशी 'थ' इंग्रजापेक्षा हिपोक्रेटिसला जास्त ओळखीचा वाटला असता. 'स्फिग्मो' म्हणताना स्फूर्तीतला 'स्फ' आणि युग्मातला 'ग्म' तयारच असतो. मराठी माध्यमाचा न्यूनगंड घेऊन आलेल्या मुलीला मी हे मुद्दाम सांगते, कारण ते खरं आहे.

मात्र एका ठिकाणी मराठी तोंडही हरतं, आणि ते म्हणजे 'फ्थ'. दोन महाप्राण लागोपाठ आपल्याकडे येत नाहीत. म्हणून 'ऑफ्थॅल्मॉलॉजी'चं 'ऑप्थॅल्मॉलॉजी' होतं आणि 'डिफ्थेरिया'चं 'डिप्थेरिया'. उच्चार म्हणून हे इंग्रजी शब्दकोशांनीही मान्य केलंय, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण तोंडातून 'प' आला की हातूनही 'पी' येतो आणि स्पेलिंगमधला पहिला 'एच' गळतो. रस्त्यावरच्या डोळ्यांच्या दवाखान्यांच्या पाट्या वाचत चला, गळलेला 'एच' भेटल्याशिवाय राहणार नाही. पाटीवर तो चालून जातो, परीक्षेच्या पेपरात गुण जातात.

८. जिथं आवाज बदलला की उपचार बदलतो, तिथं सूट नाही

उच्चाराबाबत मी एरवी सैल आहे. 'निमोनिया' म्हणा, 'न्यूमोनिया' म्हणा, पेशंटला अँटिबायोटिक तेच मिळणार आहे. पण काही जोड्या अशा आहेत की तिथं मी मुलींना उभं करून म्हणायला लावते.

पहिली जोडी, हिमॉप्टिसिस आणि हिमॅटेमिसिस. दोन्हीत तोंडातून रक्त येतं. पहिल्यात ते खोकल्याबरोबर येतं, छातीतून. दुसऱ्यात उलटीतून येतं, पोटातून. पहिल्याचा रस्ता छातीच्या तपासणीकडे जातो, दुसऱ्याचा आपल्या बारा अक्षरी दुर्बिणीकडे. रात्री ओव्हर देताना आवाज दमलेला असतो, समोरची सिस्टर अर्धं ऐकत अर्धं लिहीत असते, आणि दोन्ही शब्द 'हिम'नं सुरू होऊन 'सिस'वर संपतात. म्हणून आमच्याकडे शिस्त अशी, की शब्द म्हणायचा आणि लगेच मराठीत जोडायचं, 'उलटीत रक्त पडलंय'. दोन सेकंद जास्त जातात, जाऊ देत.

दुसरी जोडी नाही, त्रिकूट आहे. टॉमी, स्टॉमी, एक्टॉमी. 'टोमे' म्हणजे कापणं, तेव्हा 'गॅस्ट्रॉटॉमी' म्हणजे जठराला छेद देणं. 'स्टोमा' म्हणजे तोंड, म्हणून 'गॅस्ट्रॉस्टॉमी' म्हणजे जठराला बाहेरून तोंड करून देणं. गिळता न येणाऱ्या माणसाला त्यातून नळीनं खाणं देतात. 'एक्टॉमी' म्हणजे कापून बाहेर काढणं, तेव्हा 'गॅस्ट्रेक्टॉमी'त जठराचा भाग किंवा अख्खं जठरच जातं. तिन्ही शब्द फोनवर भरभर म्हणून बघा. फरक एका 'स'चा आणि एका 'एक'चा. उद्याच्या ऑपरेशनची यादी फोनवरून उतरवून घेताना हा 'स' स्वच्छ ऐकू आला नाही तर परत विचारायचं, सर वैतागले तरी.

तिसरी जोडी खास नर्सिंगची. पेरिनीअल आणि पेरोनीअल. पहिला भाग जांघांमधला, बाळंतिणीची तिथली स्वच्छता हे आमचं रोजचं काम. दुसरा पायाच्या पोटरीबाहेरचा, तिथल्या नसेला मार बसला तर पाऊल लटकं पडतं. एका स्वराचा फरक आणि शरीराच्या दोन टोकांचं अंतर! पुष्कळ पुस्तकं आता 'पेरोनीअल'ऐवजी 'फिब्युलर' लिहितात. ही सुधारणा मला मनापासून पटली.

हायपो आणि हायपरबद्दल काय लिहू, ते साऱ्या जगाला माहीत आहे. आम्ही वॉर्डात 'शुगर डाउन' आणि 'शुगर वाढली' असंच म्हणतो, आणि ते पुस्तकी शब्दापेक्षा सुरक्षित आहे.

९. इंग्लंडचा 'ओ' आणि अमेरिकेचा 'ई'

एका पेशंटच्या मुलानं एकदा मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. हातात दोन कागद. 'सिस्टर, वडिलांची ओजीडी मागच्या महिन्यात बाहेर झाली. आता इथं ईजीडी लिहिलीय. ही वेगळी का? परत पैसे भरायचे?' प्रश्न रास्त होता. अन्ननलिकेचं स्पेलिंग इंग्लंडात 'ओई'नं सुरू होतं, अमेरिकेत त्यातला 'ओ' उडवलेला आहे. म्हणून एकाच तपासणीची दोन आद्याक्षरी नावं झाली. आपल्याकडचे डॉक्टर शिकले ब्रिटिश वळणानं आणि वाचतात अमेरिकन पुस्तकंही, त्यामुळे कागदावर दोन्ही सापडतात. रक्ताच्या 'हिमो'चं तसंच, इंग्लंडात 'एई', अमेरिकेत नुसता 'ई'. उच्चार मात्र एकच. त्याच्या वडिलांना दुर्बीण परत करायची होती हे खरं, पण ती अल्सर भरला की नाही हे बघायला. नावाचा त्याच्याशी संबंध नव्हता.

१०. लांबीला भिऊ नये, पण लांबीवर भाळूही नये

गावाकडची आजी 'फिजिओथेरपी' एका दमात म्हणते. सहा अक्षरं, अस्सल ग्रीक. 'होमिओपॅथी', 'सोनोग्राफी', 'अँजिओग्राफी' ही आता घरोघरची मंडळी. 'सोनोग्राफी'ला कुणी कधी दचकल्याचं मी पाहिलेलं नाही. तेव्हा अवघड असतो तो परका शब्द, लांब शब्द नव्हे, आणि कानावर पडत राहिला की तो परका राहत नाही.

स्नेहसंमेलनात हमखास एखादा मुलगा न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्हॉल्केनोकोनिओसिस म्हणून टाळ्या घेतो. पंचेचाळीस इंग्रजी अक्षरं, एकोणीस सिलॅबल. तो शब्द १९३५ मध्ये अमेरिकेतल्या शब्दकोड्यांच्या मंडळींनी लांबीच्या हौसेपायी बनवला. डॉक्टर 'सिलिकोसिस' लिहितात आणि मोकळे होतात. असले शब्द पाठ करण्यात वेळ घालवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा वीस प्रत्यय पाठ करावेत.

११. आघाताचा नियम एकच, तो शिकून घ्यावा

मराठीत शब्दातल्या कुठल्या अक्षरावर जोर दिला यानं अर्थ बदलत नाही, म्हणून आपल्याला त्याची सवय नाही. इंग्रजीत आहे. लॉजी, ग्राफी, स्कोपी, टॉमी, मेट्री यांवर संपणारे शब्द असले की शेवटून तिसऱ्या अक्षरावर जोर. 'एन्डोस्कोप' या उपकरणात जोर पहिल्या 'एन'वर, 'एन्डॉस्कपी' या तपासणीत 'डॉस'वर. 'आयटिस'मध्ये 'आय'वर, 'ओसिस'मध्ये 'ओ'वर. जोर सरकला की आसपासचे स्वरही बदलतात, आणि आपला शब्द इंग्रजी तोंडात 'इसॉफगो-गॅस्ट्रो-ड्यूओडिनॉस्कपी' असा ऐकू येतो. इथल्या वॉर्डात असं बोललात तर लोक वळून बघतील. इथं 'स्कोपी'च म्हणावं. पण आमच्या मुली आता आखातात, इंग्लंड-आयर्लंडला जातात. तिथल्या नर्सेसच्या बोलण्यात जोर दिलेलं अक्षरच खणखणीत येतं, बाकीची पुटपुटल्यासारखी. कुठलं अक्षर खणखणीत येणार हे आधी ठाऊक असलेली मुलगी पहिल्या दिवशी गांगरत नाही.

याच मुली परदेशासाठी ओईटी नावाची परीक्षा देतात. तिच्या तोंडी भागात समोरचा माणूस पेशंट किंवा नातेवाईक होऊन बसतो आणि तुम्ही नर्स म्हणून त्याच्याशी बोलायचं असतं. तिथं लांब शब्दाला दाद मिळत नाही. तो साध्या भाषेत समजावता आला की गुण मिळतात. वर्षभर मी ज्या शब्दाचे बारा तुकडे घोटून घेते तो शब्द पेशंटपुढं न वापरणं हे कसब आहे, हे मुलींना पटायला वेळ लागतो. नवीन भाषा आली की ती मिरवावीशी वाटतेच.

१२. आणि हे वाचकांसाठी

तुमच्या घरातल्या कुणाला अशी तपासणी सांगितली, तर समोर संमतीपत्र येईल. त्यावर तो शब्द असेल, बहुधा इंग्रजीत, बारीक टायपात, आणि कुणीतरी पेन पुढं करून 'इथं सही करा' म्हणेल. सही लगेच करू नका. त्या शब्दावर बोट ठेवा आणि विचारा, 'सिस्टर, हे फोडून सांगा. कुठून नळी जाणार, कुठपर्यंत जाणार, नुसतं बघणार की काही कापणार?' शेवटी 'स्कोपी' आहे, 'टॉमी' आहे, 'स्टॉमी' आहे की 'एक्टॉमी', एवढं तर तुम्हाला आता स्वतःलाच वाचता येईल. आमची गडबड असते, आवाज कधी चढलेला असतो, तरीही विचारा. समजून घेऊन मगच सही करणं हा तुमचा हक्क आहे, आणि समजावून सांगणं हे आमचं काम.